मॅनहोलच्या काठावर

नागपुरात मरीन इंजिनियरिंग शिकवतो म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "फुटाळ्यात बोट चालवता का?" चौदा वर्षं जहाजांवर काढून, सेकंड इंजिनियर म्हणून शेवटचं साइन ऑफ करून परत आलो, तेव्हापासून हा विनोद ऐकतोय. माझं उत्तरही ठरलेलं आहे. इंजिनरूमला खिडकी नसते, तिथून समुद्र दिसतच नाही. आणि मे महिन्यात आमच्या वर्कशॉपमध्ये पारा ४५ला टेकतो, तो सराव मुंबईच्या पोरांना मिळत नाही.

आमच्याकडे मेकॅनिकलची पदवी घेतलेली मुलं वर्षभराच्या कोर्सला येतात. नंतर सहा महिने जहाजावर, मग क्लास फोरची, म्हणजे जहाजावरच्या इंजिनियरच्या पहिल्या परवान्याची परीक्षा. जाहिरातीत डॉलरचा पगार छापतात. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या तळाशी, गुडघ्यावर बसून गाळ उपसायचा असतो, हे कुणी छापत नाही.

ज्या मुलाबद्दल लिहितोय तो उमरेडकडचा. पहिल्याच आठवड्यात लक्षात राहिला तो प्युरिफायरमुळे. इंधनातलं पाणी आणि घाण फिरवून वेगळी काढणारं हे यंत्र, त्याचा बोल (bowl), म्हणजे आतलं फिरणारं भांडं, उघडायचा तर वरची मोठी लॉक रिंग सोडवायची. दर वर्षी पोरं पान्याला लोंबकळून घाम गाळतात आणि रिंग उलट अजून घट्ट होते. मी मुद्दाम बोलत नाही. हा पुढे आला, पाना उचललाच नाही. खाली वाकून, मान तिरकी करून आटे पाहिले. म्हणाला, "सर, हे उलटे आटे हायेत नं?" डावे आटे. इतक्या वर्षांत न सांगता ओळखणारा हा दुसराच.

म्हणूनच नोव्हेंबरमधल्या त्या दिवशी त्याला शून्य देताना हात जड झाला.

ड्रिल होतं एन्क्लोज्ड स्पेसचं, म्हणजे बंद टाकीत शिरण्याचं. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण बंद राहिलेली साधी रिकामी बॅलास्ट टाकी, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती, माणूस मारू शकते. तिथे विषारी काही असावं लागत नाही. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. बाहेर २०.९ टक्के असतो, आत कधी निम्माही उरत नाही. वास येत नाही, गुदमरल्यासारखं वाटत नाही, शिडीवरून उतरताना पाय लुळे पडतात आणि संपलं. मग वरचा मित्र त्याला काढायला उतरतो. मग तिसरा. एकच टाकी अशी दोघातिघांना घेते आणि त्यातले बरेचसे वाचवायला गेलेले असतात. म्हणून २०१५पासून जहाजांवर दर दोन महिन्यांनी हे ड्रिल सक्तीचं आहे.

आमची टाकी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली. लंबगोल मॅनहोल, आत शिडी, दोन कप्पे. ड्रिलच्या आधी ब्लोअर लावून हवा खेळवली, मीटर आत सोडून वर, मध्ये, खाली असं तीनदा तपासलं. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, प्राचार्यांचंही नाही. नेहमी आत बाहुला ठेवतो, बॉयलर सूटमध्ये वाळू आणि चिंध्या भरलेला. या वेळी मला अक्कल सुचली. बाहुल्यासाठी कुणी जीव टाकत नाही, म्हणून याच्याच रूममेटला आत पाठवलं. सांगितलं, शिडीखाली पड आणि विव्हळ.

हा होता मॅनहोलवर, अटेंडंट. काम एकच: अलार्म द्यायचा, टीमला बोलवायचं आणि स्वतः आत पाय टाकायचा नाही. मी त्याच्या हातात चिठ्ठी दिली, 'ऑक्सिजन ११'. आतून "अबे, वर घे" असा आवाज आला. त्याने चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि गेला आत. अलार्म नाही, हाक नाही. वीस-पंचवीस सेकंदांत रूममेटला काखेत धरून शिडीपाशी आणलं. बॅचने टाळ्या वाजवल्या.

मी फळ्यावर लिहिलं, 'मृत २'. आणि शून्य.

प्राचार्य संध्याकाळी म्हणाले, "पोरगं हीरो निघालं अन् तुम्ही झिरो दिला." स्वतःच्या वाक्यावर खूश होते. नवव्या दिवशी कंपनीचे लोक मुलाखतीला येणार होते आणि त्यांना शंभर टक्के पास बॅच दाखवायची होती. समुद्रावर कधी न गेलेल्या माणसाने अशी संस्था चालवली की हेच होणार.

दोन दिवसांनी वडील आले. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, पोरानं चोरी केली का? दोस्ताले वाचवाले गेला नं?"

मी समजावायला लागलो. शिकवून शिकवून जिभेला सवय झालेली असते. म्हणालो, "भाऊ, तुमच्याकडे विहिरीत होतं ना तसं. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा..."

ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"आमच्याच विहिरीत झालं ते," म्हणाले. "डिझेल इंजन खालच्या कपारीत ठेवलं होतं. गडी पाहाले उतरला, आला नाई. मंग माहा लहान भाऊ उतरला. त्याच्यामांगं मी. पाय सोडले होते आत, तं मायनं कंबर धरली. सोडलीच नाई."

मला काही सुचेना.

"गावात अजून म्हणते लोकं, भाऊ खाली गेला अन् हा काठावर उभा होता. पोरानं लहानपणापासून आयकलं ते." मग थोड्या वेळाने, "मले तं कोणी असं सांगितलंच नाई, का उभं राहाचंच असते म्हणून."

चहा मागवला. त्यांनी घेतला. मार्कांचा विषय पुन्हा काढला नाही, आणि पिशवीत काय होतं तेही कळलं नाही, ती तशीच घेऊन गेले. मी बराच वेळ तिथेच बसून होतो. चौदा वर्षांत मी शंभरेक ड्रिलं केली असतील. खऱ्या टाकीच्या काठावर, आत ओळखीचा माणूस पडलेला असताना, एकदाही उभा राहिलेलो नाही. शिकवतो मात्र छातीठोकपणे.

फेरपरीक्षा मुलाखतीच्या आदल्या दिवशी घेतली. तोच रूममेट, तीच चिठ्ठी. वडिलांशी झालेलं बोलणं मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं असेल तर माहीत नाही. आवाज आला तसा त्याने अलार्म दिला, रेडिओवर जागा आणि माणसांची संख्या सांगितली, ब्लोअर चालू करायला लावला. मग मॅनहोलची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आत बघत होता, ओरडत होता, "येऊन राहिले, थांब, येऊन राहिले." बोटं पांढरी पडली होती.

टीमने सिलिंडर पाठीवर चढवले, मास्क आवळून श्वास ओढून पाहिले, प्रेशर वाचलं, दोर बांधले, उतरले. रूममेटला हार्नेस घालून वर काढेपर्यंत सहा मिनिटं चाळीस सेकंद.

मी शीटवर पास लिहिलं. तो सही करायला आला आणि घड्याळाकडे बघत राहिला.

"सर, एवढ्या वेळात तं तो गेला असता."

"हो," म्हणालो. "बहुतेक."

त्याने सही केली नाही. म्हणाला, "अजून एकदा करू नं. मले टीममध्ये टाका."

सहा मिनिटं पाच. मग पाच पन्नास. सिलिंडर बांधण्यात वेळ जात होता, तर त्याने पट्टे आधीच ढिले करून ओळीने मांडून ठेवले. चौथ्या खेपेला पाच मिनिटं दहा सेकंद. मग सिलिंडर संपले.