नवऱ्याची सही

गेल्या वर्षी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंबरोबर मी इंदूरमधल्या एका खासगी रुग्णालयात गेले होते. त्यांना दोन मुले आहेत, तिसरे नको होते आणि दिवस जाऊन सात आठवडे झाले होते. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारले, "हस्बंड आए हैं? उनके साइन लगेंगे." नवरा ट्रक घेऊन नागपूरकडे गेलेला. आम्ही परत आलो. बाईंचा त्या दिवसाचा इतर दोन घरांचा पगार तेवढा कापला गेला.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात अशी सही कोठेही मागितलेली नाही. सज्ञान स्त्रीची एकटीची लेखी संमती पुरते. पालकाची संमती लागते ती फक्त अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत. २०२१ च्या दुरुस्तीने तर गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' याऐवजी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द घातले आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यानच्या गर्भपाताची मुभा अविवाहित स्त्रियांनाही दिली. मात्र निर्णय अजूनही डॉक्टरांच्या 'मता'वर अवलंबून आहे. मागणे स्त्रीचे आणि परवानगी दुसऱ्याची, ही रचना मूळ कायद्यातच असल्यामुळे काउंटरवरच्या मुलीला त्यात आणखी एक सही वाढवताना काही वावगे वाटले नसावे.

२०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकातील एका अभ्यासाने मांडला. त्यासाठी पाहणी झालेल्या सहा राज्यांत आपले मध्य प्रदेशही होते. देशातल्या एकूण गर्भपातांपैकी ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. हा आकडा पुष्कळदा बायकांच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि ते मला मुळीच मान्य नाही. वेळेत व योग्य मात्रेत घेतलेल्या गोळ्या सुरक्षित असतात. धोका असतो तो आठवड्यांचा हिशेब चुकण्यात, मोघम सांगितलेल्या मात्रेत आणि रक्तस्राव थांबेना तर जायचे कोठे हे ठाऊक नसण्यात. १९९४ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' ही संज्ञा घडवली ती याच अनुभवातून: कायद्याने दिलेला हक्क वापरायला हाताशी पैसा, सुट्टी आणि जवळचा दवाखाना नसेल, तर तो इतरांचाच हक्क राहतो.

चार दिवसांनी कणीक मळता मळता बाई म्हणाल्या, "ताई, झालं सगळं." जावेने औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून दिल्या होत्या. कोणत्या, ते त्यांना सांगता येईना. दुकानदाराने पाकीट स्वतःकडेच ठेवून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या.