सगळं मर्यादेत होतं, तरी वाघीण घसरली

पावसाळा सरत आला होता. सांगली-कराड पट्ट्यातल्या एका छोट्या स्टेशनात पहाटे साखरेची मालगाडी गुड्स साइडिंगमधून (माल भरायच्या बाजूच्या रुळावरून) बाहेर पडत असताना इंजिनापासून एकोणिसाव्या बीसीएन वाघिणीची, म्हणजे बंद मालडब्याची, पुढची ट्रॉली (डब्याखालचा चार चाकांचा गाडा) घसरली. कुणाला खरचटलंही नाही. पण वाघिणीचा कोपरा मेन लाइनला फाऊल होत होता, म्हणजे तिथल्या गाडीच्या आड येत होता. तिकडे कोयना एक्सप्रेस मागच्या स्टेशनात अडकलेली, कंट्रोलचा फोन वाजतोय आणि जो तो म्हणतोय, आधी वाघीण उचला. घसरलेले डबे उचलणाऱ्या रिलीफ गाडीचे जॅक लागले आणि माणसांच्या पायांखाली खडी हलली की पुरावा गेला. म्हणून ती गाडी येईपर्यंतचा वेळ आमच्या, घसरणीचं कारण शोधणाऱ्यांच्या, कामाचा.

आधी शोधायची ती चाक चढल्याची खूण. घसरलेल्या वाघिणीपासून मागे मागे चालत जायचं. स्लीपरवरचे घाव आणि तुटलेल्या क्लिपा संपतात तिथे चाक खाली पडलेलं असतं. त्याच्याही मागे, रुळाच्या माथ्यावर, चाक चढलेलं असतं. इथे ती खूण बाहेरच्या रुळावर सापडली. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तिरपी गेलेली, सुतळीएवढी रुंद चकचकीत रेघ. लांबी सव्वादोन मीटर. चाक उडी मारतं तेव्हा अशी रेघ उमटत नाही, उमटली तरी वीतभर. लांब तिरपी रेघ म्हणजे फ्लँज (चाकाची आतली उभी कड) रुळाला घासत सावकाश वर चढला. एवढ्यावरच ‘रूळ बदलायच्या काट्यात दगड अडकला असेल’, ‘ड्रायव्हरने हिसका दिला असेल’ हे तर्क मागे पडले. पावसाची भुरभुर सुरू होती आणि ओल्या रुळावरची अशी रेघ काही तासांत गंजून दिसेनाशी होते. तिच्याजवळ मोजपट्टी ठेवून फोटो काढले आणि वर ताडपत्री टाकली.

रेघ जिथे सुरू होते ते शून्य स्टेशन. तिथून मागे ४५ मीटर, दर ३ मीटरवर खडूने खूण करून गेज (दोन रुळांमधलं अंतर), क्रॉस लेव्हल (दोन रुळांच्या उंचीतला फरक) आणि वक्राचा व्हर्साइन (वळणाचा बाक) मोजायचा. वाघिणीकडे चाकं, स्प्रिंगा, साइड बेअरर (ट्रॉलीवर डब्याला बाजूंनी मिळणारा टेकू). स्टेशनात रजिस्टर आणि डेटा लॉगर (सिग्नल-काट्यांची नोंद ठेवणारं यंत्र) सील, इंजिनातून वेगाची नोंद ताब्यात. मग प्रत्येक खात्याचा सुपरवायझर जॉइंट नोटवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र टिपणावर, आपापलं मत लिहितो. वादाला तोंड फुटतं ते इथेच.

त्या दिवशीची जॉइंट नोट वाचली तर गाडी घसरलीच नसावी असं वाटलं असतं. वेगाची मर्यादा ताशी १५ किलोमीटर, नोंद १३ ची. काटे सेट आणि लॉक. गेज ठीक. क्रॉस लेव्हलमध्ये ३ मीटरवर ६ मिलीमीटर फरक, म्हणजे मीटरला २ मिलीमीटर ट्विस्ट (रुळांचा पीळ). साइडिंगच्या मानाने त्यात काही वावगं नाही. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६०० मिलीमीटर, अगदी मापाचं. फ्लँज १६ मिलीमीटरच्या खाली झिजला की चाक बाद होतं, इथे तो २७ होता. वाघीण नुकतीच आरओएच (ठरावीक काळाने होणारी डेपोतली दुरुस्ती) करून, चाकं लेथवर फिरवून आली होती. रूळ सांभाळणारे पी-वेवाले म्हणाले, रूळ ठीक. डबे सांभाळणारे सी अँड डब्ल्यूवाले म्हणाले, चाक नवंकोरं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

पण क्रॉस लेव्हल मोजताना रुळावर भार नव्हता. घसरलेली वाघीण पुढे गेलेली, मागच्या वाघिणी काढून नेलेल्या, रूळ मोकळा. मोकळ्या रुळाखाली स्लीपर लोंबकळत असेल तर लेव्हल त्याबद्दल काहीच सांगत नाही. खडी सांगते. शून्य स्टेशनच्या अलीकडे बाहेरच्या रुळाखालच्या पाच-सहा स्लीपरच्या टोकांशी गुडघे टेकून पाहिलं. खडीवर राखाडी पीठ बसलेलं, कडा घासून गुळगुळीत झालेल्या आणि फटींतून काळा चिखल वर आलेला. कृष्णाकाठची ही काळी माती पाण्याने फुगते, मऊ पडते. बाजूची चर बुजलेली होती, पाणी तिथेच मुरत होतं. प्रत्येक चाक गेलं की स्लीपर खाली दबायचा आणि चिखल खडीत उपसला जायचा. खालून पोकळी, वरून लेव्हल झकास.

मग भार टाकून मोजायचं ठरलं. प्रत्येक संशयित स्लीपरजवळ लोखंडी सळई ठोकली, तिच्यावर घट्ट बसणारी रबरी चकती रुळाच्या पायाला खालून टेकवली आणि भरलेली वाघीण माणसाच्या चालीने वरून नेली. रूळ दबतो तेव्हा चकती खाली सरकते आणि तिथेच राहते. सगळ्यात वाईट जागी चकती ११ मिलीमीटर खाली होती, ३ मीटर मागे जेमतेम हललेली. आधीचे ६ धरून ३ मीटरवर १७ झाले. मीटरला साडेपाच मिलीमीटरच्या वर ट्विस्ट! ट्रॉलीची पुढची चाकं या खळग्यात उतरली की बाहेरच्या पुढच्या चाकावरचा भार हलका होणारच.

दुसरी गोष्ट पोत्यांत होती. वाघिणीचं दार उघडलं तेव्हा थप्प्या एका बाजूला झुकलेल्या वाटल्या. पण घसरल्यावर माल सरकू शकतो, म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही. तळाचे थर सहसा हलत नाहीत. मधोमध खडूची रेघ मारली आणि हमालांकडून थरागणिक दोन्ही बाजूंची पोती वेगळी मोजून घेतली. वक्राच्या आतल्या बाजूला ६२०, बाहेरच्या बाजूला ४४०. तळाच्या थरांतही तोच तोल, म्हणजे भरतानाच तसं भरलं होतं. पोतं ५० किलोचं, १८० पोत्यांचा फरक म्हणजे ९ टन. हिशेब केला तर बाहेरच्या रुळावरचा भार सुमारे दहा टक्क्यांनी घटलेला. एकाच दारातून भरताना हमाल दाराजवळ जागा मोकळी सोडत जातात, शेवटी ती नीट भरली जात नाही. गाडी सुटायची वेळ होते आणि कुणी आत डोकावत नाही.

तिसरी गोष्ट सगळे जिला जमेची बाजू म्हणत होते ती. नवं फिरवलेलं चाक. फ्लँजच्या अंगावरून नख फिरवलं तर लेथच्या रेघा लागत होत्या. आपल्याकडे फ्लँजचा उतार अडीचास एक असतो. चाक रुळावर कधी चढेल हे सांगणाऱ्या नादालच्या सूत्रात घर्षण ०.२५ धरलं तर चाक चढायला आडवा जोर उभ्या भाराच्या १.३८ पट लागतो. खरखरीत चाक, वंगण नसलेला वक्र, घर्षण ०.५ पर्यंत गेलं तर ०.८९ पट पुरतो. भुरभुर सुरू व्हायच्या आधी रूळ कोरडा होता, हे पहाटेच्या पॉइंट्समनच्या जबाबातून कळलं.

थोडक्यात, उभा भार दोन कारणांनी घटला आणि लागणारा आडवा जोरही घटला. चाक चढायला वेगाची गरजच उरली नाही.

अशा साइडिंगमधल्या घसरणीची चौकशी खात्याचेच अधिकारी करतात. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ११३ खाली येणारे गंभीर अपघात रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जातात, आणि या आयुक्तांचा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. हे मला फार योग्य वाटतं. विमान अपघातांच्या तपासाला आंतरराष्ट्रीय करारातल्या तेराव्या परिशिष्टाने घालून दिलेला एकच उद्देश म्हणजे पुढचा अपघात टाळणं, दोष वाटणं नव्हे. आपल्या जॉइंट नोटमध्ये जबाबदारी कुणाची किती टक्के, यावरच दिवस जातो. मग लोक स्वतःला वाचवणारी मापं आधी मांडतात आणि गोत्यात आणणारी जागा मोजायचीच राहते.

अहवालात तिन्ही कारणं एकत्र मांडली. पी-वेने चर उघडली, चिखल झालेली खडी उपसून चाळली, निचऱ्यासाठी खाली जाड वाळूचा थर दिला आणि स्लीपरखाली खडी ठासून पॅकिंग केलं. वक्राच्या बाहेरच्या रुळाला वंगण सुरू झालं. लोडिंगच्या जागी दार लावण्याआधी थप्प्या दोन्ही बाजूंनी पाहून सही करायची, असं ठरलं. काम झाल्यावर त्याच जागी सळया ठोकून, भरलेली वाघीण नेऊन पुन्हा मोजलं. चकती २ मिलीमीटर सरकली.