शंभर तापाचे पाणी

कॅमेऱ्याचे रंगीत रोल मी घरीच धुते हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : कृष्णधवलचे समजू शकते, पण रंग घरी नीट येतात का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहिते. रंग नीट येतात, अगदी लॅबइतके नीट येतात. मात्र त्यासाठी एका ठरावीक तापमानाचे पाणी लागते आणि त्यात ढिलाई चालत नाही.

रंगीत निगेटिव्हसाठी आज जगभर वापरली जाणारी सी-41 ही प्रक्रिया कोडॅकने 1972 मध्ये आणली. तिच्यात डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचे, तापमान 37.8 अंश सेल्सिअस असावे लागते आणि वेळ असतो 3 मिनिटे 15 सेकंद. हे तापमान इतके काटेकोर का, ते कळण्यासाठी फिल्मच्या आत डोकवावे लागेल. तिच्यावर मुख्यतः तीन थर असतात. वरचा निळा प्रकाश टिपतो, मधला हिरवा आणि खालचा लाल. डेव्हलपर थरांमधल्या प्रकाश लागलेल्या चांदीच्या क्षारांची शुद्ध चांदी करतो, आणि ते करताना त्याचे स्वतःचे जे ऑक्सिडीकरण होते, त्यामुळे तो त्या त्या थरात कारखान्यातच घातलेल्या कपलर नावाच्या द्रव्याशी जोडला जाऊन अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग तयार करतो. पुढे ब्लीच आणि फिक्सर ही दोन द्रावणे मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि मागे राहतो तो केवळ रंग. तिन्ही थरांचे काम त्या सव्वातीन मिनिटांत एकमेकांच्या मेळाने व्हायला हवे, आणि सर्वांत खालच्या थरापर्यंत द्रावण झिरपायलाही वेळ लागतोच. पाणी गार पडले की हा मेळ तुटतो. सगळ्या चित्रावर एकसारखी झाक आली, तर ती स्कॅन करताना काढता येते. पण सावल्या एका रंगाकडे आणि उजेडाचे भाग दुसऱ्याच रंगाकडे झुकले, तर एक सुधारताना दुसरे बिघडते.

माझ्या भाचीच्या बारशाच्या रोलचे नेमके हेच झाले. पाळण्याखालची सावली हिरवट आणि बाळाचे गाल नको इतके गुलाबी. थर्मामीटर 38 दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त होते. प्रत्यक्षात तो सुमारे दोन अंश जास्त दाखवत होता. ही चूक कशी सापडली, ते सांगण्यासारखे आहे. 37.8 अंश सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइटमध्ये बरोबर 100, म्हणजे घरात कुणाला ‘शंभर ताप’ आहे असे आपण म्हणतो तेवढेच. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर नेमक्या याच टप्प्यासाठी बनवलेला असतो. तो पाण्यात धरला आणि 96 हा आकडा पाहून मला रडू आले, कारण ते बारसे काही पुन्हा होणार नव्हते. त्या दिवसापासून औषधांच्या डब्यातल्या त्या थर्मामीटरशी ताडून पाहिल्याशिवाय मी एकही रोल टँकमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या बंद डब्यात, घातलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. काळोखी खोली लागत नाही. रोल टँकच्या रिळावर चढवेपर्यंतच अंधार हवा असतो आणि तेवढ्यासाठी काळी चेंजिंग बॅग, म्हणजे नुसते हात आत घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी, पुरते. मात्र पावसाळ्यात त्या पिशवीत हात घामेजतात आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळाला चिकटून बसते, म्हणून हात आधी अगदी कोरडे करून घ्यावेत. द्रावण 37.8 अंशांना यावे म्हणून बाटल्या आणि टँक किंचित जास्त, 39 अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचेच पाणी इतके तापलेले असते, की थोडेसे गरम पाणी मिसळले तरी भागते. डिसेंबरात मात्र टबाशेजारी किटली ठेवून बसावे लागते. हातमोजे घालाच, कारण हा डेव्हलपर कातडीला बाधतो. आणि एकदा या कामाला घेतलेले भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

घरगुती किटमध्ये ब्लीच आणि फिक्सर बहुधा एकाच बाटलीत असतात. ते मिश्रण ओतून टँक हलवला की आत वायू साठतो, तेव्हा झाकण मधूनमधून सैल करावे, नाहीतर लालसर द्रावण थेट कपड्यांवर येते आणि तो डाग काही जात नाही. ब्लीच-फिक्सच्या वेळेत अर्धा-एक मिनिट पुढेमागे झाले तर बिघडत नाही. खरी परीक्षा डेव्हलपरचीच.

लॅबमध्ये का देत नाही, असेही तुम्ही विचारलेत. एका लॅबने मला स्कॅन पाठवले आणि निगेटिव्ह परत दिल्याच नाहीत. माझ्या लेखी निगेटिव्ह हाच फोटो आहे, स्कॅन ही त्याची नक्कल.

शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्यावे, म्हणजे वाळताना क्षारांचे डाग पडत नाहीत. आणि एका गोष्टीला घाबरू नका : टँकमधून काढलेली ओली फिल्म दुधाळ, गढूळ दिसते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा रोल फुकट गेला असेच मला वाटले होते. ती न्हाणीघरात दोरीला चिमटा लावून टांगावी, खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजन म्हणून लावावा आणि दार ओढून घ्यावे. तासाभराने पाहाल तर तो दुधाळपणा वरून खाली ओसरत गेलेला असतो, आणि नारिंगी पट्टीवर उलट्या रंगांतली माणसे एकेक करून स्पष्ट होऊ लागलेली असतात.