त्र्यंबक, पहिने, घोटी आणि मागचं चाक

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी आणि भाचा पहाटे साडेपाचला सायकली घेऊन निघालो. नाशिकहून त्र्यंबक, तिथून पहिने मार्गे घोटी आणि मुंबई-आग्रा महामार्गानं परत, असा साधारण ९० किलोमीटरचा फेरा. पावसाळ्यात याच्याइतका देखणा रस्ता आपल्याकडे दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. पण तो देखावा मी निम्माच पाहिला. उरलेला वेळ मागच्या चाकाकडे बघण्यात गेला.

निघताना मी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. घट्ट वाटला. हवा भरून तीन आठवडे झाले होते. घरात दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप आहे, पण तो माळ्यावर, आणि साडेपाचला माळ्यावर चढून घरच्यांची झोप कोण मोडणार? भाच्याला विचारलं, "पंप घेतलास ना?" तो म्हणाला, "आहे मामा, बॅगेत." मग माझा छोटा पंप मी टेबलावरच ठेवला. एकाच कामाचं ओझं दोघांनी का वाहायचं!

सातपूरची वस्ती संपली की रस्ता मोकळा होतो. महिरावणी, तळेगाव, मग डावीकडे ढगांत डोकं घातलेला अंजनेरी. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत पूर्ण केली, त्यानंतर या रस्त्यावर पहाटेचे सायकलवाले वाढले, असं मला तरी वाटतं. इथे अडलात तर दहा मिनिटांत कुणीतरी थांबून विचारतंच. त्र्यंबकला चहा-पोहे झाले. श्रावणी सोमवारी मात्र इकडे फिरकू नका. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी माणसं येतात की सायकल हातात धरून चालावं लागेल. पहिन्याचंही तसंच. धबधबे सुरू झाले की रविवारी गाड्यांची रांग लागते. शनिवारी सकाळी आठच्या आत पार व्हा.

आम्ही आठच्या आत पार झालोही असतो. पहिन्याच्या उतारावर पाण्यानं भरलेला एक खड्डा मला साधं डबकं वाटला. चाक आत गेलं, रिमचा कडक आवाज आला आणि पन्नास पावलांत मागचा टायर जमिनीला चिकटला.

ट्यूब काढून पाहिली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. काटा किंवा तार घुसली तर भोक एकच पडतं. अशी जोडी दिसली की समजायचं, हवा कमी होती. खड्ड्याच्या कडेनं टायर पार रिमपर्यंत दाबला जातो आणि मध्ये सापडलेली ट्यूब दोन जागी चिरडते. म्हणजे दोष खड्ड्याचा कमी, माझ्या अंगठ्याचा जास्त. बारीक टायरची हवा पंक्चर नसतानाही रबरातून हळूहळू झिरपते. माझ्या सायकलीची आठवड्यात सात-आठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) सहज उतरते. तीन आठवड्यांचा हिशेब तुम्हीच करा.

जादा ट्यूब होती, ती चढवली. आता भाच्याचा पंप. त्याची सायकल जाड टायरची, मोटारसायकलसारख्या श्रेडर व्हॉल्व्हची. माझी प्रेस्टाची, म्हणजे बारीक नळी आणि टोकाला इवलीशी चकती. पंपाचं तोंड उघडून आतला रबर आणि प्लॅस्टिकचा तुकडा उलटा बसवला की तोच पंप प्रेस्टाला चालतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण केलेलं कुणीच नव्हतं. भर पावसात, ओल्या बोटांनी तो हरभऱ्याएवढा रबर काढताना सटकला आणि चिखलात पडला. वीस मिनिटं उकिडवं बसून आम्ही चिखल चाचपत होतो. एक गुराखी थांबला, त्याला वाटलं अंगठी हरवली. शेवटी रबर भाच्याच्याच बुटाखाली सापडला.

म्हणून हे काम घरी, कोरड्या हातांनी एकदा करून बघा. प्रेस्टाची चकती सैल केली की हवा भरण्याआधी तिला एक टिचकी द्या, नाहीतर व्हॉल्व्ह चिकटून बसतो आणि पंपच बिघडलाय असं वाटतं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पंपाचं तोंड डाव्या मुठीत, स्पोकला टेकवून घट्ट धरा. हात हलला की नळी वाकते. छोटी रबरी नळी असलेला पंप घेतलात तर ही भीतीच राहत नाही.

आळीपाळीनं पंप मारला. दोनशेच्या पुढे भाच्यानं मोजणं सोडलं. दट्ट्या पुढे जाईना. अंगठा लावला, दगडासारखं घट्ट. "मामा, झालं," तो म्हणाला. निघालो.

पहिने ते घोटी रस्ता एकटा आहे. भातखाचरं, धुकं, मध्येच एखादी टपरी. गावातल्या पंक्चरवाल्याकडे साध्या सायकलचा पंप असला तरी त्याचं तोंड प्रेस्टाला बसेलच असं नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर जाऊ नका. घोटीत भाताच्या गिरण्या ओलांडून पेट्रोल पंपावर थांबलो, तर हवा भरणारा मुलगा नळी हातात घेऊन हसला. "काका, याला आपलं बसत नाही." बसतं, पण त्यासाठी चिमटीत मावेल एवढा पितळी अडॅप्टर लागतो. तो घरी टेबलावर, माझ्या पंपाशेजारी होता. अडॅप्टर नेलात तर आकडा आधी सांगा आणि काट्यावर नजर ठेवा, बारीक ट्यूब काही सेकंदांत भरते.

महामार्गावर मुंढेगाव, वाडीवऱ्हे, विल्होळी. सायकल ओढत नव्हती. आधी वाऱ्याला दोष दिला, मग पोह्यांना. पांडवलेणी दिसेपर्यंत भाचा दोनदा थांबून माझी वाट बघत होता. पन्नाशी आली, असंच होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन्ही वेळा अंगठा लावून पाहिला होता. घट्ट!

पंप विकत घेताना त्याच्यावर छापलेला मोठा आकडा बघू नका, ज्यात दट्ट्या सरकतो त्या नळीची जाडी बघा. ७० पीएसआय गाठायला तीन सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर साधारण ३५ किलोचा जोर लागतो, दोन सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १५ किलोंच्या आसपास. जाड नळीचा पंप जाड टायरसाठी, तो एका दमात भरपूर हवा भरतो पण दाब चढवत नाही. बारीक टायरला बारीक नळी, वेळ लागला तरी. माझा टायर ७०० बाय ३२ चा, वजन ७८ किलो. मी पुढे ६०, मागे ७० ठेवतो, कारण मागच्या चाकावर भार जास्त. पावसात दोन्हीकडे पाच कमी. तुमचा आकडा टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत, तुमच्या वजनाप्रमाणे ठरवा.

घरी आल्यावर भाच्याला माळ्यावर चढवलं. उभा पंप काढून मागच्या चाकाला लावला. काटा थरथरला आणि ४४ वर थांबला.

भाच्यानं टायर अंगठ्यानं दाबला. "पण घट्ट तर लागतोय, मामा."