बोलोन्याची पारी: चार सकाळींच्या पाकशिक्षणाचा वृत्तांत

इटलीच्या उत्तरेकडील एमिलिया-रोमान्या प्रांतातल्या बोलोन्या शहरात ऑक्टोबर महिन्यात मी आणि माझी नणंद सहा दिवस राहिलो, ते मुख्यतः अंड्यात भिजवलेला, हाताने लाटलेला पास्ता शिकण्यासाठी. परदेशी पाहुण्यांना स्वयंपाक शिकवणारे बहुतेक वर्ग तीन तासांत चार-पाच पदार्थ दाखवून, जेवू घालून निरोप देतात. आम्ही ओळीने चार सकाळी एकाच गोष्टीला वाहिलेला वर्ग मुद्दाम शोधला, आणि पुढे जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे, कारण पिठाची समज हाताला यावी लागते आणि ती पहिल्या दिवशी येत नाही.

आपण जिला पारी म्हणू तिला तेथे ‘स्फोल्या’ म्हणतात. प्रमाण सोपे आहे: 100 ग्रॅम बारीक मैद्याला एक अंडे, पाणी नाही, मीठही नाही. लाकडी फळीवर पिठाचा ढीग करून मधोमध आळे करायचे, त्यात अंडी फोडून काट्याने कडेचे पीठ आत ओढत कालवायचे आणि मग तळहाताच्या मुळाने दहा-पंधरा मिनिटे मळायचे. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच घट्ट असते आणि त्याचे नाते करंजीच्या पिठाशी अधिक जवळचे आहे. झाकून अर्धा तास मुरू दिले, की मघाशी हाताला दाद न देणारा गोळा लवचिक होतो.

खरी परीक्षा लाटताना होते. लाटणे 80-90 सेंटिमीटर लांब, सरळ आणि मुठी नसलेले असते. पारी मोठी झाल्यावर तिची पुढची कड लाटण्यावर गुंडाळायची आणि दोन्ही तळहात मधून टोकांकडे सरकवत लाटणे पुढे ढकलायचे, म्हणजे पारी लांबीबरोबर रुंदीलाही ताणली जाते. तिचा जो भाग फळीबाहेर लोंबतो, तो पोटाने टेबलाच्या कडेशी दाबून धरायचा. जन्मभर पोळ्या लाटल्यामुळे हे सहज जमेल असे मला वाटले होते, परंतु पहिल्या दिवशी माझ्या पारीच्या कडा जाड राहिल्या आणि मधोमध तिला भोक पडले. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेने काही न बोलता आपले दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि एकदा लाटणे फिरवले. तेव्हा कळले, की मी वजन खाली टाकत होते आणि त्यांचे वजन पुढे जात होते. पोळी दाबाने पसरते, स्फोल्या ताणाने पसरते. पारीतून पलीकडच्या टेकडीवरचे सान लूकाचे देऊळ दिसले पाहिजे, असे बोलोन्यात म्हणतात. तिसऱ्या सकाळी मी माझी पारी खिडकीसमोर धरली, तेव्हा देऊळ नाही, पण खिडकीची चौकट आरपार स्पष्ट दिसली आणि मला फार आनंद झाला.

फळी लाकडाचीच हवी, असा तेथे आग्रह असतो, आणि तो योग्य आहे. लाकडाचा किंचित खरखरीतपणा पारीला उतरतो आणि त्या पृष्ठभागावर रस्सा धरून राहतो. गुळगुळीत दगडावर लाटलेल्या पारीवरून तो निसटतो. या पारीच्या पट्ट्या कापल्या, की ताल्यातेल्ले होतात. त्यांची रुंदी शिजल्यावर 8 मिलिमीटर असावी, असे ठरलेले असून 1972 मध्ये त्या मापाची सोन्याची पट्टीच शहराच्या वाणिज्य मंडळाकडे नोंदवून ठेवली आहे. मांसाच्या रागू रश्श्याची कृतीही 1982 मध्ये तेथेच नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. हा रागू तेथे ताल्यातेल्लेबरोबर खातात. ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ या नावाने जगभर मिळणारा पदार्थ मूळ गावच्या परंपरेत नाही.

आता शाकाहारी प्रवाशांसाठी थोडे विस्ताराने लिहिते. माझी नणंद अंडे खाते, परंतु मांस-मासे खात नाही, आणि वर्गाकडून तसे आश्वासन आधी लेखी घेतले होते. तरीही दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर चीजचे सारण भरलेल्या पास्त्याची जी वाटी आली, तिच्यातला रस्सा कोंबड्याचा होता. सारण बदलले, म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. तिला उपाशी उठावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून नुसते ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नये, तर प्रत्येक घटक वेगळा विचारावा: रस्सा (‘ब्रोदो’) कशाचा आहे, तळणीत किंवा पिठात डुकराची चरबी (‘स्त्रुत्तो’) आहे का, आणि चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण (‘काल्यो’) आहे का. शेवटचा प्रश्न अनेकांच्या ध्यानीमनी नसतो. परंतु पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे चीज नियमानुसार वासराच्या विरजणानेच लावले जाते, त्यामुळे कडक शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. तोर्तेल्लीनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात डुकराचे मांस असते. त्यांचे मोठे भावंड म्हणजे तोर्तेल्लोनी. त्यांत रिकोता नावाचे मऊ चीज असते आणि ते लोणी व सेज नावाच्या सुगंधी पानांबरोबर वाढतात. शाकाहाऱ्यांनी तेच शिकावेत, मात्र सारणात पार्मिज्यानोही घालतात, याकडे लक्ष ठेवावे. दोन्ही पदार्थांना घडी घालताना पारी सुकू देऊ नये, नाहीतर कड चिकटत नाही आणि उकळत्या पाण्यात सारण बाहेर येते. करंजी करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाचव्या दिवशी आम्ही पार्मिज्यानोचा कारखाना पाहिला. काम पहाटे सुरू होते आणि सकाळी उशिरा पोहोचल्यास तांब्याच्या कढईतून चीज वर काढण्याचा क्षण हुकतो, म्हणून सकाळचीच वेळ घ्यावी. सुमारे 40 किलोच्या एका चाकाला साधारण 550 लिटर दूध लागते आणि ते किमान 12 महिने मुरवतात. दुपारी जवळच्या मोदेना शहरात पारंपरिक बाल्सामिक शिरका मुरवणारे माळे पाहिले. हा शिरका उकळून आटवलेल्या द्राक्षरसाचा असतो आणि लहान होत जाणाऱ्या लाकडी पिपांतून किमान 12 वर्षे फिरतो. 25 वर्षांचा असेल, तर बाटलीवर ‘एक्स्त्राव्हेक्क्यो’ असे लिहिलेले असते. 100 मिलिलिटरची बाटली महाग पडते, तरी खरेदी एकच करायची असेल, तर हीच करावी.

प्रवासाची व्यवस्था कठीण नाही. मिलानहून वेगवान गाडीने बोलोन्या सुमारे एक तासावर आहे. या गाड्या बोलोन्या स्थानकात जमिनीखालच्या फलाटांवर थांबतात आणि तेथून मोदेनाच्या साध्या गाडीच्या फलाटापर्यंत वर यायला बराच वेळ जातो. गाडी बदलायची असल्यास दहा मिनिटांवर विसंबू नये. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ऑगस्टच्या मध्यास पुष्कळ दुकाने आणि खाणावळी बंद असतात, 4 ऑक्टोबरला शहराची स्थानिक सुटी असते, आणि मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या दिवसांत हॉटेलांचे दर खूप चढतात. तेव्हा वर्गाची तारीख नक्की करण्याआधी हे तिन्ही पाहून घ्यावे. राहण्याची जागा जुन्या शहरात, क्वाद्रिलातेरो बाजाराजवळ घेतल्यास सर्वत्र चालत जाता येते, आणि कमानींच्या छायेतल्या वाटांमुळे पावसातही फारसे अडत नाही.

घरी परतल्यावर एक फरक जाणवला. आपल्याकडची अंडी बहुधा लहान असतात, म्हणून अंडी मोजण्याऐवजी फोडून वजन करावीत आणि 100 ग्रॅम मैद्याला 55 ग्रॅमच्या आसपास अंडे घ्यावे. लांब लाटणे आम्ही तेथून आणले नाही, कारण ते बॅगेत मावत नव्हते. येथील सुताराकडून शिसवीचे 85 सेंटिमीटरचे करून घेतले. त्याला आधीच बजावून ठेवावे, की मधे फुगीर ठेवू नकोस आणि मुठी कोरू नकोस, कारण लाटणे म्हटल्यावर त्याचा हात सवयीने तिकडेच वळतो.