तुर्की भाषेत थकवा मोजायचा म्हणजे नक्की कुणाचा?

थकवा रक्ततपासणीत सापडत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह सगळं नॉर्मल येतं आणि तरी समोरचा माणूस सांगत असतो की दुपारनंतर अंगात त्राणच राहत नाही. म्हणजे त्यालाच विचारायला लागतं, आणि विचारायचं तर सगळ्यांना एकसारखं विचारायला हवं, म्हणून या प्रश्नावल्या. माझं काम आरोग्याच्या प्रश्नावल्यांच्या डेटाचं आहे. अंकारात फिजिओथेरपिस्ट असलेल्या एका मैत्रिणीमुळे सध्या तुर्की बोलणाऱ्या लोकांसाठी थकव्याची स्केल तयार करायच्या कामात बरीच गुंतलेय, आणि त्यातलं एक सारखं डोक्यात घोळतंय ते इथे लिहून टाकते.

ते असं की आपण सगळे बिनधास्त म्हणतो, "ही स्केल तुर्कीत व्हॅलिडेटेड आहे." व्हॅलिडेटेड म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते हे तपासलेली. पण स्केल नुसती व्हॅलिड अशी नसतेच, ती अमुक लोकांमध्ये, अमुक कामासाठी व्हॅलिड असते, आणि हे दुसरं अर्धं वाक्य नेहमी गळून जातं.

फटीग सिव्हेरिटी स्केलचंच घ्या. १९८९ साली क्रप आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत काढली, नऊ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ मध्ये मार्क द्यायचे, मागच्या आठवड्याबद्दल. मूळ अभ्यासात मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) २५ पेशंट, ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) २९ आणि निरोगी २० माणसं होती. सरासरी ४ किंवा जास्त आली की थकवा जास्त, हा जो कट-ऑफ आज जगभर वापरतात त्याचं मूळ एवढ्याशा लोकांमध्ये आहे. नंतर नॉर्वेत सर्वसाधारण लोकांकडून हीच स्केल भरून घेतली तर सरासरीच जवळपास ४ आली! आता सर्वसाधारण माणसांची सरासरीच कट-ऑफवर बसत असेल तर तो कट-ऑफ तुर्कस्तानात जसाच्या तसा नेऊन "इतके टक्के तुर्क थकलेले" असं कसं म्हणायचं? तुर्की आवृत्ती २००७ मध्ये आली ती एमएसच्या पेशंटवर तपासलेली, आणि त्या लोकांसाठी ती कामाची आहेच. पण म्हणून इझमिरमधल्या रात्रपाळीच्या नर्सला तोच फॉर्म आणि तोच कट-ऑफ लागू होतो असं नाही.

भाषांतराची पद्धत आता सगळ्यांना पाठ आहे, दोघांनी वेगवेगळं तुर्कीत आणायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मग मूळ फॉर्म न पाहिलेल्या दोघांनी ते परत इंग्रजीत न्यायचं, तज्ञांची समिती बसते, आणि शेवटी तीस-चाळीस जणांवर ट्रायल. बॅक-ट्रान्सलेशन जुळलं की सगळ्यांना हायसं वाटतं. मला नाही वाटत, कारण प्रश्नच त्या माणसाच्या आयुष्यात बसत नसेल तर तो परतीच्या भाषांतरातही अगदी सुरेख जुळून येतो.

मैत्रिणीच्या ट्रायलमधली एक मुलाखत सांगते. एमएस असलेल्या एक काकू, साठीच्या, घरातली सगळी कामं स्वतः करणाऱ्या. दुसरं विधान आहे व्यायामानं थकवा येतो अशा अर्थाचं. काकूंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मी व्यायाम करतच नाही, मग काय लिहू? मैत्रिणीनं (नियमाप्रमाणे) काहीच सुचवलं नाही, तुम्हाला काय वाटतं तेवढंच विचारलं. काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि १ ला गोल केला, म्हणजे अजिबात सहमत नाही. पुढे गप्पांमध्ये कळलं की गालिचा झटकला की त्यांना तासभर आडवं व्हावं लागतं. म्हणजे खरं उत्तर ६ किंवा ७ आणि कागदावर १. गालिचा झटकणं हा त्यांच्या हिशोबी व्यायाम नव्हता, ते घरकाम होतं. पहिली दोन विधानं बाकीच्या सात विधानांशी नीट जुळत नाहीत असं एमएसच्या पेशंटवरच्या २०१० च्या रॅश विश्लेषणात (सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का ते तपासायची आकडेशास्त्राची पद्धत) दिसलं होतं आणि सातच विधानांची स्केल बरी असं तिथे सुचवलंय. ते आकड्यांत वाचलेलं होतं, काकूंच्या उत्तरात ते मला समोर दिसलं. आठवं विधान तर त्याहून अवघड, थकवा हे माझ्या सगळ्यात त्रासदायक तीन लक्षणांपैकी एक आहे असं ते म्हणतं. ज्याला आजारच नाही त्यानं तीन लक्षणं आणायची कुठून?

थकव्याचीच दुसरी प्रश्नावली, चाल्डर स्केल, घेतली तर वेगळीच अडचण. ती १९९३ ची, आता ११ प्रश्नांची वापरतात, आणि पर्याय असे की नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकंच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खूपच जास्त. दहा वर्षं थकलेल्या माणसाचं "नेहमी" म्हणजे थकलेलंच असतं ना, तो प्रामाणिकपणे नेहमीइतकंच लिहितो आणि निरोगी माणसासारखा स्कोअर घेऊन बाहेर पडतो. बरं वाटत होतं तेव्हाशी तुलना करा अशी सूचना फॉर्मवर असते, पण सूचना वाचतं कोण, आणि इथेच मला तुर्कस्तानातल्या शाळेचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. तिथे १९९७ पर्यंत सक्तीचं शिक्षण पाचच वर्षांचं होतं, मग आठ झालं आणि २०१२ मध्ये बारा. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी लोकांची, खासकरून गावाकडच्या बायकांची, शाळा पाचवीला संपलेली, किंवा त्याआधीच. त्यांच्यासमोर सात खान्यांची पट्टी ठेवली की बरेच जण दोन टोकं आणि मधलं घर एवढंच वापरतात. आणि व्हॅलिडेशनचं सॅम्पल बहुतेक वेळा कुठून येतं तर मोठ्या शहरातल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या ओपीडीतून, त्यातही "लिहिता-वाचता येणारे" ही अट घालून. अट घालणं समजू शकते, काम सोपं होतं. पण मग टायटलमध्ये "तुर्की भाषिक प्रौढ" लिहू नये एवढंच म्हणणं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवता येतात, मग मात्र तो वेगळा प्रकार म्हणून वेगळा तपासावा लागतो, कारण माणूस समोर बसला की उत्तरं सौम्य होतात.

आता आकड्यांकडे. क्रोनबाख अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, १ च्या जितका जवळ तितकं जुळणं जास्त) सगळे देतात, ०.९४ वगैरे आला की पेपरात अभिमानानं लिहितात. पण अल्फा फार वर गेला तर त्याचा अर्थ असाही असतो की एकच प्रश्न शब्द फिरवून नऊ वेळा विचारलाय. मला खरा रस आहे टेस्ट-रिटेस्टमध्ये, म्हणजे तोच फॉर्म साधारण दोन आठवड्यांनी परत भरून घेणं, मधल्या काळात माणसाच्या थकव्यात बदल झालेला नाही हे धरून. हे धरणंच तुर्कस्तानात भलतं अवघड होऊन बसू शकतं. पहिली फेरी रमजानच्या आधी आणि दुसरी रमजानमध्ये पडली तर? रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, तो उन्हाळ्यात आला की रोजा सोळा-सतरा तासांचा, पहाटे सहूरला (रोज्याआधीच्या जेवणाला) उठायचं, झोपेची वाट लागते. स्वतः रोजा न धरणाऱ्या पेशंटच्या घराचंही वेळापत्रक बदलतं. तिथे दोन फेऱ्यांमधला फरक हा स्केलचा दोष नाही, थकवा खरोखर बदललाय. तसंच उष्णतेचं, एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं वाढतात, अंगमेहनतीनंतर नजर तात्पुरती मंदावते हे तर उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ञानं १८९० मध्येच नोंदवलंय, मग ऑगस्टमधला तापलेला अदाना आणि जानेवारीतलं गोठलेलं एर्झुरूम यांचे स्कोअर एकत्र ओतून सरासरी काढायची तर निदान महिना आणि शहर तरी लिहून ठेवा. फॉर्मवर तारीख असते, विश्लेषणात ती कुणी वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे नुसतं पुस्तकी नाहीये. समजा स्केलचं स्टँडर्ड डेव्हिएशन (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत ते) १.५ आहे आणि टेस्ट-रिटेस्टचा आयसीसी (दोन फेऱ्यांचे स्कोअर किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळलेले) ०.८५, जो चांगलाच मानतात. मोजमापातली चूक येते १.५ गुणिले ०.१५ (म्हणजे १ वजा ०.८५) चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.५८. एका माणसाचा स्कोअर खरोखर बदललाय असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायला त्याच्या २.७७ पट फरक लागतो, म्हणजे १.६. १ ते ७ च्या पट्टीवर १.६! फिजिओथेरपीच्या कोर्सनंतर एखाद्या पेशंटचा स्कोअर ५.५ वरून ४.७ वर आला आणि आपण त्याला सांगितलं की बघा तुम्ही सुधारलात, तर ते आपण या आकड्यावरून सांगू शकत नाही. गटाच्या सरासरीत तेवढा फरक अर्थपूर्ण असेल, एका माणसाच्या बाबतीत नाही. अल्फा देऊन थांबलेल्या पेपरातून हे कधीच कळत नाही, म्हणून आयसीसी आणि हा किमान फरक दोन्ही छापायलाच हवेत.

डिप्रेशनचंही तेच. थकव्याच्या स्केलचा बेक डिप्रेशन इन्व्हेंटरीशी संबंध दाखवून "व्हॅलिडिटी सिद्ध" असं लिहितात, पण बेकमध्येच थकव्याचा, झोपेचा प्रश्न आहे, मग संबंध येणारच! त्यापेक्षा आधी ठरवून लिहावं की एसएफ-३६ या आरोग्याच्या प्रश्नावलीतल्या व्हायटॅलिटीशी (अंगातल्या उत्साहाशी) संबंध डिप्रेशनपेक्षा जास्त यायला हवा, आणि मग तसा येतो का ते बघावं. आधी लिहिलेलं भाकीत चुकू शकतं, म्हणूनच ते खरं निघालं की त्याला किंमत असते.

राहिला प्रश्न तुर्कस्तानाबाहेरच्या तुर्की बोलणाऱ्यांचा. १९६१ च्या कामगारभरतीच्या करारानंतर पश्चिम जर्मनीत कामाला गेलेली पिढी आता म्हातारी झालीये, कारखान्यांत आयुष्य गेलं, दुखणी आहेत, थकवा आहे, आणि डॉक्टर जर्मन. त्यांच्यासमोर अंकारात तपासलेला फॉर्म ठेवला जातो. त्यांची तुर्की घरातली, बरेचसे आजाराचे शब्द जर्मन डॉक्टरकडून शिकलेले. अशा पाच-दहा जणांना शेजारी बसवून, प्रत्येक प्रश्नावर काय विचार केलात ते मोठ्यानं सांगा असं म्हणून फॉर्म भरून घेतला तरी पुष्कळ कळेल, त्याला मोठा फंड लागत नाही. मैत्रिणीला मी तेच सुचवलंय, आणि सोबत व्यायामाच्या प्रश्नापुढे समासात काकूंचं उत्तर लिहून समितीपुढे ठेव असंही. समिती ते विधान मूळ लेखकांच्या परवानगीनं थोडं बदलते की तसंच ठेवते ते बघायचं, तसंच ठेवलं तर सात विधानांचा स्कोअरही शेजारी द्यायचा असं आमचं ठरलंय.