नागपूरचा भाऊ, पलीकडची बहीण आणि फॉर्म २०

किडनी बदलली म्हटलं की लोक विचारतात, खर्च किती आला, ऑपरेशन किती तास चाललं, देणाऱ्याला पुढे त्रास होतो का. मी उलट विचारते, देणारं माणूस कोणत्या राज्यात राहतं? समोरचा बुचकळ्यात पडतो. आम्हीही असेच पडलो होतो.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मानेवाड्यात आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहतात. बीपी बरीच वर्षं होतं. गोळी कधी घेतली, कधी राहिली. मग पाय सुजायला लागले, जेवणाचा वास नकोसा झाला आणि क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी काही न बोलता नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरच्या, नावाची चिठ्ठी लिहिली. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला शीर आणि धमनी जोडतात तो) झाला आणि आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, डायलिसिस सुरू झालं. धंतोलीत. धंतोलीत गाडी लावायला जागा शोधणं हा वेगळाच आजार आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

घरात कुणी कुणाला कामं वाटून दिली नाहीत, ज्याला जे जमलं ते त्यानं उचललं. पहाटे सोडायला माझा मुलगा, दुपारी आणायला हे. जाऊ शाळेत शिकवते, तिची नोकरी सुटू द्यायची नाही हे सगळ्यात आधी ठरलं, म्हणून तिची पोरं खाली आमच्यात जेवायला लागली. सासूबाईंनी भाजीचं खातं घेतलं. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम कमी लागतं, म्हणून भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायच्या. सासूबाई रोज म्हणायच्या, "बाप्पा, भाजीचा सारा जीवच धुऊन टाकला." पण एकदाही चुकल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्यांचं काय सांगावं! नागपुरात आजाऱ्याकडे जायचं तर हातात संत्री हवीत, नाहीतर शहाळी. दोन्हीत पोटॅशियम भरपूर, आणि रक्तात ते वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. शेवटी मी दारावर कागद चिकटवला. काही जण रागावले, रागावू दे. त्यात नवतपा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरची हवाही गरम, आणि भाऊजींना दिवसाला चहा-वरणासकट एक लिटर पाणी. एका बाटलीत मोजून ठेवायचं. बर्फाचा छोटा खडा चोखला तर एका घोटात तहान भागते, ही युक्ती डायलिसिसच्या नर्सनं सांगितली. कुणाला लागली तर उपयोगी पडेल.

तर देणारं कोण? यांना शुगर, सासूबाईंचं वय, जावेचा रक्तगट जुळेना. (रक्तगट जुळत नसेल तर अशाच दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करता येते, त्याला स्वॅप म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. डॉक्टरांना मुद्दाम विचारा, आपणहून सगळे सांगत नाहीत.) झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव घातलं होतं, पण मेंदूमृत दात्याची वाट किती पाहायची याला काही हिशेब नसतो. मग नणंदेनं फोन केला. "वहिनी, माझा ओ पॉझिटिव्ह आहे, चालते ना?" एवढंच म्हणाली. चालतो. रक्तगटापुरतं बोलायचं तर ओ गटाची किडनी कुणालाही चालते.

नणंद दिलेली आहे मध्य प्रदेशात. सौंसर-पांढुर्ण्याचा तो पट्टा तसा आपलाच. घरात मराठी, शेतात संत्र्याची झाडं, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता नागपूरला. बस पकडली की दुपारच्या जेवणाला सीताबर्डीत. तिच्या गावचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिथल्या कचेरीबद्दल आहे.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात जवळचे नातेवाईक कोण हे लिहून ठेवलंय. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. यातलं कुणी देणारं असेल तर रुग्णालयातला सक्षम अधिकारी परवानगी देतो. सून, जावई, मामा, चुलतभाऊ असले तर मात्र समितीपुढे जावं लागतं, आणि तिथे एकत्र काढलेले जुने फोटो, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे असं सगळं मागतात. आमची सख्खी बहीण. म्हणजे आपलं सोपं, असं सगळे म्हणाले. मी पतसंस्थेत कर्जाच्या फायली तपासण्यात नोकरी काढलेली, म्हणून फाईल माझ्याकडे आली.

नणंदेच्या तपासण्या झाल्या. डीटीपीए स्कॅन (किडनी किती काम करते ते), सीटी अँजिओ, मानसोपचारतज्ज्ञाची भेट, एचएलए (दोघांची जनुकं किती जुळतात ते). सगळं छान. आणि मग रुग्णालयात प्रत्यारोपणाचं कामकाज बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाई शांतपणे म्हणाल्या, "डोनर एमपीच्या ना? फॉर्म २० लागेल. तहसीलदाराचा."

याच कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांना बरेच फॉर्म जोडलेले आहेत. फॉर्म १ जवळच्या नातेवाईक दात्याचा, ५ रक्ताच्या नात्याचा, असे. विसावा कुणाच्या खिजगणतीत नसतो. देणारं जवळचं नातेवाईक नसेल आणि देणारं किंवा घेणारं माणूस रुग्णालय ज्या राज्यात आहे तिथलं नसेल, तर ते कुठे राहतं याचा दाखला त्याच्या तहसीलदारानं किंवा तशा अधिकाऱ्यानं त्यावर द्यायचा, असा नियम. आमची सख्खी बहीण, तरी रुग्णालयानं तो मागितलाच. बस. एक कागद.

हा एक कागद घेऊन नणंद आणि जावईबापू तिथल्या तहसीलीत गेले. बाबूनं वाचला, उलटून पाहिला, परत केला. "ये फॉर्म हमारे यहाँ का नहीं है. मूल निवासी बनवा लो, लोक सेवा केंद्र में." म्हणजे अधिवासाचा दाखला. यांनी बिचाऱ्यांनी तिथे अर्ज टाकला. आता तिचा जन्म नागपूरचा, शाळा नागपूरची. मूल निवासीला तिथेही शंका. शेवटी जावईबापूंच्या कागदांवरून तो दाखला निघाला, आम्ही आनंदानं कोऑर्डिनेटरकडे नेला, आणि त्या म्हणाल्या, "हा नाही चालणार. फॉर्म २०च पाहिजे, फोटो लावलेला."

पुन्हा तहसील. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेले, साहेब निवडणुकीच्या कामात. पुन्हा गेले, बाबू रजेवर. नणंदेचे सासरे स्वतः काठी टेकत जाऊन बसले, तर त्यांना पाणी विचारलं आणि उद्या या म्हणून सांगितलं. इकडे भाऊजींचं दोन डायलिसिसच्या मध्ये तीन-तीन किलो वजन वाढायचं, सगळं पाणी. एका रात्री धाप लागून इमर्जन्सीत न्यावं लागलं. दात्याच्या विषाणूंच्या तपासण्या जुन्या झाल्या म्हणून पुन्हा रक्त द्यायला नणंद भर उन्हात नागपूरला आली. एका सहीसाठी!

मग मीच गेले. सकाळच्या बसनं.

बाबू वाईट नव्हता, हे लिहायलाच हवं. मी समोर खुर्ची ओढून बसले, उठले नाही. तासाभरानं तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, किडनी का मामला है. कल को कोई बोलेगा बेची है, तो दस्तखत किसका? हमारा." तेव्हा कळलं. इतके दिवस तो फॉर्मला नव्हे, किडनी या शब्दाला भीत होता. त्याला वाटत होतं की तहसीलदार सही करतो म्हणजे किडनी द्यायला परवानगी देतो. आणि हे त्याला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण प्रत्येक जण "अहो, माझ्या मेव्हण्याचा जीव धोक्यात आहे" यानंच सुरुवात करायचा. ते ऐकून तो आणखी घाबरायचा.

मी तिथेच बाकावर बसून हिंदीत एक पानभर अर्ज लिहिला. त्यात जीव, दया, विनंती असलं काही नाही. अर्जदार महिला अमुक पत्त्यावर राहते एवढ्याचीच पुष्टी हवी आहे, अवयवदानाला मंजुरी देणं हे नागपूरच्या रुग्णालयातल्या सक्षम अधिकाऱ्याचं काम आहे, आपलं नाही. सोबत नियमांची छापील प्रत, त्यात फॉर्म २० च्या मथळ्याला पेन्सिलीनं खूण. रुग्णालयाचं पत्र. आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), विजेचं बिल. बाबूनं वाचलं, आत नेलं. पटवाऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या तलाठ्याला, घरी पाठवायचं ठरलं. त्यानं शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा केला, आणि त्या आठवड्यात तहसीलदारांनी सही केली. सही करताना त्यांनी नणंदेला समोर बोलावून विचारलं म्हणे, अपनी मर्जी से? ती म्हणाली, मराठीत, "माझा भाऊ हाय ना साहेब."

इथे संपायला हवं होतं. नागपूरला कागद आला तर रुग्णालयात म्हणाले, फोटोवर शिक्का अर्धा चढलेला नाही. आणि दाखल्यावर तिचं सासरचं नाव, शाळेच्या टीसीवर माहेरचं. लग्नात तिचं पहिलं नावही बदललं होतं, म्हणजे कागदावर दोन वेगळ्याच बाया. हीच ती, हे आता सिद्ध करा. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. शेवटी सासूबाईंनी ट्रंकेतून जुनं रेशन कार्ड काढलं, ज्यावर सासऱ्यांच्या नावाखाली तिन्ही भावंडांची नावं आणि वयं ओळीनं होती. ते, प्रतिज्ञापत्र आणि भावंडांचं नातं दाखवणारा एचएलए रिपोर्ट एकत्र लावल्यावर गाडी पुढे गेली. जुनं रेशन कार्ड रद्दीत टाकू नका. शिक्क्यासाठी जावईबापू पुन्हा तहसीलीत गेले, या वेळी बाबूनं चहा पाजला.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. किडनीनं टेबलावरच लघवी तयार करायला सुरुवात केली, असं सर्जन बाहेर येऊन म्हणाले, आणि आमच्या सगळ्या खानदानानं लघवी या शब्दावर एवढा आनंद कधी केला नव्हता. नणंदेला काही दिवसांत सुट्टी मिळाली. भाऊजी नंतर घरी आले, मास्क लावून.

आता आठवेल तसं सांगते. देणारा परराज्यातला असेल तर फॉर्म २० लागेल का ते पहिल्या तपासणीच्याच दिवशी विचारा आणि लागत असेल तर तेव्हाच मागून घ्या, शेवटी नाही. फॉर्मवरचा फोटो चिकटवून घेतला की सही-शिक्का फोटो आणि कागद दोन्हींवर येतो का ते तिथेच उभं राहून बघा. फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजू देऊ नका, रक्तही काढू देऊ नका, पट्टी बांधायला निघालेल्या नवीन मुलाला सरळ थांबवा. टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीची) पातळी तपासायला रक्त द्यायचं असेल तर सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, हे आम्हाला लॅबमध्ये गेल्यावर कळलं. त्या गोळ्या चालू असताना पपनस खायचं नाही, औषधाची रक्तातली पातळी वाढते. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं का ते पहिल्याच दिवशी विचारा, रेशन कार्ड सोबत ठेवा.

आणखी एक. ओपीडीत बसून बसून मी पाहिलं, देणाऱ्यांच्या रांगेत बायाच जास्त. आई, बायको, बहीण. नियमात म्हटलंय की देणारी बाई असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतःची मर्जी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यायची. आमच्याकडे कोऑर्डिनेटर बाई नणंदेला एकटीला आत बोलावून बराच वेळ बोलल्या, नवऱ्यालाही बाहेर बसवलं. मला ते फार बरं वाटलं. तिला मी स्वतःही एकदा विचारलं होतं, कुणी नसताना, की नको वाटत असेल तर माझ्यावर ढकल, मी घरात सांगते रिपोर्ट जुळले नाहीत म्हणून. ती माझ्यावर चिडली.

किडनी दिलेल्या माणसाचं पुढे बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन दरवर्षी तपासायचं असतं. घरचे सगळे पेशंटभोवती, देणाऱ्याची तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही. तिची तारीख मी माझ्या मोबाईलमध्ये टाकून ठेवली आहे. यंदा ती दिवाळीनंतर येणार, आणि जावईबापूंनी आत्ताच फोन करून विचारलंय की कोणकोणते कागद आणू.